उगवण विरळ झाली तर आधी फणाचे टोक पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरणीचा हंगाम जवळ आला की शेतीपानांवर पेरणी यंत्रांची माहिती येऊ लागते. यंत्र किती फणांचे, किती अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला चालणारे, दिवसाला किती क्षेत्र उरकणारे, हे सगळे त्यात असते. पेरणी होऊन पंधरा दिवस गेले की चर्चा पालटते. बियाणे उगवले नाही, तासच्या तास (पेरलेल्या ओळी) रिकामे गेले, दुबार पेरणी करावी लागणार. मधल्या काळात जे घडले, म्हणजे फण जमिनीत शिरल्यापासून दाणा मातीखाली झाकला जाईपर्यंतचा तो क्षण, त्याबद्दल फारसे छापून येत नाही. बियाणे खरोखर निकृष्ट असेल तर तक्रार व्हायलाच हवी. पण ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या शंभर दाण्यांपैकी ८५ मोड धरतात आणि शेतात मात्र निम्मेच वर येतात, तेव्हा दोष पिशवीत शोधून उपयोग नाही. तो बहुतेक वेळा फणाच्या टोकाशी सापडतो.

पेरणी यंत्रात माती उघडायला फण असतो किंवा गोल फिरणारी तबकडी, आणि दोघांची रीतच वेगळी आहे. तबकडी माती कापत जाते आणि तिला आत शिरायला वजन लागते. फणाचे टोक पुढे झुकलेले असल्याने ओढ मिळाली की तो आपसूक खाली खेचला जातो, म्हणून हलक्या सांगाड्यावरही तो घट्ट जमिनीत खोली धरतो. शेतात पेंढा असेल तर तबकडी बऱ्याचदा तो न कापता चिरेत दाबते. मग दाणा मातीऐवजी ओल्या काडीवर पडतो आणि काडी कुजताना तयार होणारी आम्ले कोंबाला मारतात. फण काडी बाजूला सारतो, त्यामुळे दाण्याभोवती निव्वळ माती राहते. त्याची किंमतही मोजावी लागते: माती जास्त हलते, ओल उडते, तणाचे बी उजेडात येते, दगड वर येतात. एका गोष्टीत मात्र ही हललेली माती कामाची ठरते. पेरणीआधी फवारलेले तणनाशक फण तासातून उचलून दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात टाकतो आणि दाण्यावरची माती स्वच्छ राहते. ऑस्ट्रेलियात ट्रायफ्लुरालिनसारखी तणनाशके अरुंद फणांच्या यंत्रासोबत याच पद्धतीने वापरली जातात.

सर्वांत जास्त नुकसान होते ते खोलीत. यंत्र जमिनीत ७ सें.मी. गेले म्हणजे दाणा ७ सें.मी.वर पडला, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. फणाचे टोक जिथे असते त्याच्या मागे, थोडे वर, बी सोडणाऱ्या नळीचे तोंड असते. टोक पुढे सरकले की बाजूची सुटी माती लगेच तासात घसरते आणि दाणा त्या मातीवर येऊन पडतो. नळीचे तोंड फार वर किंवा फार मागे असेल तर निम्मी चर आधीच भरलेली असते. दाणे एका पातळीत न पडता २ सें.मी.पासून ६ सें.मी.पर्यंत कसेही विखुरतात आणि पीक दोन-तीन टप्प्यांत उगवते.

म्हणून खोली पेरलेल्या तासात मोजावी, यंत्रावर नव्हे. पंधरा-वीस मीटर पेरून थांबावे, खुरप्याच्या टोकाने ओळीला आडवी माती हळूच सारत जावी आणि दाणा दिसला की जमिनीची मूळ पातळी धरून पट्टी लावावी. एकाच जागी मोजून भागत नाही. सांगाड्याच्या पुढच्या आडव्या दांडीवरच्या फणाची एक ओळ, मागच्या दांडीवरच्या फणाची एक आणि ट्रॅक्टरच्या चाकामागची एक, अशा तीन ओळी उकराव्यात. या तिघींत फरक निघतो आणि प्रत्येक फरकाचे कारण वेगळे असते.

पुढची दांडी खोल आणि मागची उथळ असेल तर टॉप लिंक (यंत्राला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) आखूड झालेली असते, यंत्राचे नाक खाली गेलेले असते. टॉप लिंक थोडी लांबवून सांगाडा जमिनीला समांतर आणावा. उलटे असेल तर आखूड करावी. डावी-उजवी बाजू वरखाली असेल तर उजव्या लोअर लिंकच्या (खालच्या जोडदांड्याच्या) हातळीने जुळवावी. चाकामागची ओळ उथळ असण्याचे कारण साधे आहे: चाकाने माती दाबून ३ सें.मी.ची चाकोरी पाडली तर तेथे फण तेवढाच कमी शिरतो, शिवाय ती माती घट्ट झालेली असते. त्या दोन फणांना दांडीवर आवळून धरणारे यू-बोल्ट सैल करून ते चाकोरीच्या खोलीइतके खाली सरकवावे लागतात. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि जवळजवळ कोणी करत नाही. शेतभर ट्रॅक्टरच्या चाकांच्या जोडओळी फिकट दिसतात त्या बऱ्याचदा यामुळे.

खोली हायड्रॉलिकच्या दांड्यावर तोलून धरू नये. यंत्राला खोलीची चाके असतील तर खोली त्यांच्यावरच ठरवावी. मऊ जागी यंत्र खाली बसते आणि टणक जागी वर उचलले जाते, हा चढउतार ती चाके थोपवतात. फणांची टोके झिजली की सगळे गणित पुन्हा बदलते. एक टोक नवे आणि शेजारचे २ सें.मी. झिजलेले असेल तर खोलीतही २ सें.मी.चा फरक पडतो. तुटले त्या एकाच फणाचे टोक बदलण्याऐवजी संपूर्ण दांडीची टोके एकत्र बदलावीत आणि अर्धवट झिजलेली पुढच्या वेळी एका दांडीवर एकत्र लावावीत. वाळूमिश्रित आणि खडकाळ जमिनीत झीज झपाट्याने होते. टोक गोल झाले की पुढे झुकलेला कोन जातो, मग फण खाली खेचला न जाता माती ढकलत वर चढू पाहतो.

किती खोल हे पिकावर आहे. गहू साधारण ४ ते ५ सें.मी. गव्हाचा कोंब एका आवरणातून माती भेदत येतो आणि बुटक्या वाणांत हे आवरण उंच वाणांपेक्षा आखूड असते. आवरण संपले आणि वर अजून माती असली की कोवळे पान मातीतच उलगडते, वळकटी होऊन पिवळे पडते. हरभऱ्याची बीजपत्रे जमिनीतच राहतात, फक्त कोंब वर येतो, म्हणून ओलीच्या मागे ७-८ सें.मी.वर गेलेला हरभराही उगवतो. सोयाबीनचे तसे नाही. त्याची मान वाकलेली असते आणि ती दोन्ही जाड बीजपत्रांसह माती उचलत वर येते. ३ ते ४ सें.मी.च्या खाली गेलेल्या सोयाबीनवर पाऊस पडून वर पपडी धरली तर मान तिथेच मोडते. मोहरीसारखे बारीक बी २ ते ३ सें.मी.च्या पलीकडे नेऊ नये. एकच यंत्र या सगळ्यांसाठी वापरता येते, पण एकाच पिनच्या छिद्रावर ठेवून नाही.

आता बियाण्याच्या प्रमाणाविषयी. बियाण्याच्या पेटीच्या झाकणाआत चिकटवलेला तक्ता हा सुरुवातीचा अंदाज आहे, उत्तर नाही. तो एका आकाराच्या, कोरड्या, प्रक्रिया न केलेल्या दाण्यासाठी असतो. आधी बी किती हवे ते काढावे. चौरस मीटरमध्ये हवी असलेली रोपे गुणिले हजार दाण्यांचे ग्रॅममधले वजन, भागिले अपेक्षित उगवणीची टक्केवारी, की हेक्टरी किलो मिळतात. चौरस मीटरला २५० रोपे, हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम आणि उगवण ८० टक्के धरली तर हेक्टरी १२५ किलो. त्याच वाणाचा दाणा ४६ ग्रॅमचा निघाला तर १४४ किलो. जाड दाण्याचे १२५ किलो पेरले तर रोपे १३ टक्के कमी येणार आणि तरीही पेरणारा म्हणणार की शिफारशीप्रमाणेच टाकले.

यंत्र हे प्रमाण देते की नाही ते तपासायला अर्धा तास पुरतो. पेटीतला, बी मोजून सोडणारा खाचांचा रोलर जमिनीवरच्या चाकाने चेनमार्फत फिरतो. त्या चाकाचा परीघ टेपने मोजू नये. चाकावर खडूची खूण करून, पेटीत बी भरून आणि फण जमिनीत घालून, ते १० फेऱ्यांत प्रत्यक्ष किती अंतर जाते ते मोजावे, कारण शेतात चाक घसरते. समजा अंतर १३.२ मीटर भरले, म्हणजे फेरीला १.३२ मीटर. २२.५ सें.मी. अंतरावरच्या ९ फणांची रुंदी २.०२५ मीटर. २० फेऱ्यांत २६.४ मीटर, म्हणजे ५३.४६ चौरस मीटर पेरले जातात. हेक्टरी १२५ किलोच्या हिशेबाने एवढ्या जागेत ६६८ ग्रॅम पडायला हवे, दर नळीला ७४ ग्रॅम. यंत्र उचलून, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून चाक पेरणीच्या वेगाशी जुळेल अशा संथ गतीने २० वेळा फिरवावे आणि प्रत्येक पिशवी स्वतंत्र तोलावी. सगळ्यांची बेरीज बरोबर आली म्हणून समाधान मानू नये. ७१ ते ७८ ग्रॅमच्या दरम्यानच्या नळ्या ठीक आहेत. एखादी ६० वर अडकली असेल तर तिच्या रोलरच्या खाचा झिजल्या आहेत, रोलर दांड्यावर सरकला आहे किंवा त्या कप्प्यात पोत्याचा दोरा अडकला आहे. हेच चाक टेपने १.२० मीटर मोजून हिशेब केला असता तर शेतात १२५ ऐवजी ११४ किलोच पडले असते.

ही चाचणी त्याच दिवशी पेरायच्या बियाण्याने करावी. भुकटीची बीजप्रक्रिया केलेला दाणा रोलरमधून अडखळत येतो. जिवाणू संवर्धक लावलेले बी सावलीत पूर्ण सुकले नसेल तर ते कप्प्यात कमान धरते: वर पेटी भरलेली दिसते आणि खाली काहीच पडत नाही. प्रमाण वाढवायचे तर रोलरची उघडीक (बी घेणारी रुंदी) वाढवावी आणि त्याची गती कमी ठेवावी. अरुंद उघडीक आणि जलद गती असली की दाणे फुटतात. सोयाबीनचे साल नाजूक असते. पेटीतले शंभर आणि नळीतून आलेले शंभर दाणे वेगवेगळ्या भांड्यांत पाच मिनिटे पाण्यात टाकावेत. साल तडकलेले दाणे तेवढ्यात टम्म फुगतात. नळीच्या भांड्यात फुगलेले जास्त दिसले तर इजा यंत्रात होते आहे, बियाणे तसे आलेले नव्हते.

चालू शेतात एक ताळा सोपा आहे. वरच्या हिशेबात चौरस मीटरला ३१२ दाणे पडतात, म्हणजे २२.५ सें.मी.च्या ओळीत एका मीटरला ७०. थोडी माती सारून मीटरभर मोजले की कळते.

एखादे तास पूर्ण रिकामे जाणे, ही फणाच्या यंत्राची ठरलेली तक्रार. याचे मूळ शेताच्या टोकाला असते. यंत्र उभ्या जागी खाली टेकवले किंवा फण जमिनीत असताना ट्रॅक्टर बोटभर जरी मागे सरकला, तरी नळीच्या तोंडात ओली माती ठासून बसते. ती गुळगुळीत, बोटाएवढी गुंडी खिळ्यानेही सहज निघत नाही. त्यावर बी साचत नळी भरते आणि सीटवर बसलेल्याला काहीही कळत नाही. आठ दिवसांनी ओळ रिकामी दिसते. म्हणून यंत्र पुढे चालत असतानाच खाली सोडावे, चालत असतानाच उचलावे आणि वळण्याआधी पूर्ण उचललेले असावे. पेटीतून निघालेला दाणा जमिनीत पोचायला जरा वेळ लागतो, त्यामुळे टोकाला हातभर जागा मोकळी राहतेच. ती शेवटी धुऱ्याच्या आडव्या फेऱ्यांत पेरली जाते. नळ्या पारदर्शक असतील तर पाहणे सोपे जाते. नसतील तर दर दोन-तीन फेऱ्यांनी उतरून प्रत्येक नळी हलवून पाहावी. हंगामाच्या पहिल्या दिवशी तर नळ्या काढून आरपार उजेड दिसतो का ते पाहावेच, कारण यंत्र सात-आठ महिने उभे असते आणि कुंभारीण माशीला मातीचे घर बांधायला याहून सोयीची जागा मिळत नाही.

वेग ताशी ४ ते ६ कि.मी.च्या आत ठेवावा. त्याहून जोरात गेले की फण माती बाजूला न सारता फेकतो. मागच्या दांडीवरच्या फणांनी उडवलेली माती पुढच्या दांडीने पेरलेल्या ओळींवर पडते, त्या ओळींवर २-३ सें.मी. जादा थर बसतो आणि त्या उशिरा उगवतात. मागच्या ओळींवर माती टाकणारे कोणीच नसल्याने त्या उथळ राहतात. वेग कमी केला तरी फरक उरत असेल तर रुंद टोकांऐवजी अरुंद टोके लावावीत. उलट्या टी आकाराचे टोक खाली दोन पंखांसारखे रुंद आणि वर अरुंद असते. ते वरची माती फारशी न उडवता खाली पोकळी करते आणि चर वरून झाकलेली राहिल्याने ओल टिकते. न नांगरलेल्या जमिनीत पेरायचे असेल तर हेच टोक योग्य.

वाफसा नसताना पेरणे म्हणजे पुढची सगळी मेहनत वाया घालवणे. चिकण जमीन ओली असेल तर फणाचे टोक चरीच्या दोन्ही कडा लिंपून काढते. अशी चर चाकूने कापून पाहिली की आतली बाजू भांड्यासारखी चकचकीत दिसते. मुळे ती भिंत भेदत नाहीत, चरीच्या लांबीनेच पसरतात आणि जमीन सुकू लागली की नेमकी तीच रेघ फाटून दाणा उघडा पडतो. पेरायच्या खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटला तर पेरावे, चपटा होऊन तसाच राहिला तर थांबावे. वरचा थर कोरडा आणि खाली ओल असेल तर मात्र फणासारखे साधन नाही, कारण तो कोरडी माती बाजूला करून दाणा ओलीत सोडतो. तिथे दाबचाक (ओळीवरून माती दाबत जाणारे चाक) हवे, कारण दाणा ओल्या मातीला चिकटून बसला तरच ती ओल त्याच्यात उतरते. दाबचाक नसेल तर हलकी फळी फिरवावी. पपडी धरणाऱ्या जमिनीत वरून जोरात दाबू नये.

पिकाची काडी शेतात असेल तर तयारी कापणीच्या वेळीच करावी लागते. कापणी यंत्राने टाकलेल्या पेंढ्याच्या जाड पट्ट्यात कोणताही फण अडतो. पेंढा बारीक कापून सारखा पसरलेला असावा. उभी, मुळाशी धरलेली धसकटे फणांमधून निघून जातात, आडवी सुटी लांब काडी मात्र गुंडाळते. सकाळी दवाने काडी चिवट झालेली असते, तिला उन्हाने कडक होऊ द्यावे. एकाच दांडीवरच्या दोन फणांत पुरेसे अंतर राहील आणि शेजारच्या ओळीचा फण दुसऱ्या दांडीवर असेल, अशीच मांडणी ठेवावी. ओळींचे अंतर कमी करायचे म्हणून मधे फण घुसवले की यंत्राचा दंताळ होतो.

खताबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. युरिया दाण्यासोबत त्याच चरीत टाकू नये. त्यातून निघणारा अमोनिया कोवळ्या मुळाला जाळतो आणि कोरड्या, हलक्या जमिनीत ही इजा जास्त होते. खताची नळी दाण्याच्या बाजूला आणि खाली ३ ते ५ सें.मी. सोडणारी असावी. ओळींचे अंतर बदलताना हेही लक्षात असू द्यावे: हेक्टरी खत तेवढेच ठेवून २२.५ ऐवजी ४५ सें.मी.वर पेरले की मीटरभर ओळीत दुप्पट खत पडते. खत आणि बी एका पेटीत मिसळणे तर पूर्ण टाळावे, जड कण हादऱ्यांनी खाली बसतात आणि पहिल्या फेऱ्यांचे प्रमाण शेवटच्या फेऱ्यांत राहत नाही. खताची पेटी रोज संध्याकाळी रिकामी करावी, रात्रीच्या दमटपणात रोलर दगडासारखे जाम होतात.

पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी शेतात उतरून तपासणी केली तर पुढच्या वेळेची दुरुस्ती तिथेच सापडते. गव्हाचे रोप दाण्यासकट उपटावे. दाण्यापासून हिरवा रंग सुरू होईपर्यंतचा पांढरा भाग म्हणजे पेरणीची खरी खोली. ओळीआड ओळ कमजोर असेल तर वेग किंवा टॉप लिंक. दर फेरीला त्याच दोन ओळी मागे असतील तर चाकोरी. एकच ओळ फेरीभर रिकामी असेल तर नळी. आणि तुटाळीच्या जागी उकरून पाहावे. दाणाच नसेल तर रोलर किंवा नळी. दाणा टाकला तसाच कोरडा असेल तर तो ओलीपर्यंत पोचलेला नाही. फुगून कुजला असेल तर पाणी जास्त झाले, मोड फुटून मुळाचे टोक तपकिरी पडले असेल तर खत लागले. कोंब पांढरा, लांब आणि वेटोळे घातलेला सापडला, तर बियाणे चांगले होते, ते खोल गेले किंवा वर पपडी होती.

आपले,
शेती अवजारांच्या कामातील वाचक